कागदाची पाठ

नमुना क्रमांक चार. पिवळा कागद.
काल केलेले प्रवास सांगा:
कुठून, कुठे, कशाने, कशासाठी, किती मिनिटांत.
पंचवीस वर्षांनंतरच्या सोलापूरसाठी
मी घरोघर हे विचारत फिरते.
एका फॉर्मचे चाळीस रुपये,
चप्पल माझी.

विडी घरकुलात गल्ल्या सारख्या, दारं सारखी,
दारातली सुपंही सारखी.
सुपात तेंदूची पानं, तंबाखू, कात्री, दोऱ्याची रिळं.
बायका माझ्याकडे न बघता बोलतात;
बघितलं की बोट चुकतं.

नरसव्वा गड्डम. काल कुठं गेला होता?
"कारखान्यात. हजार द्यायला."
कशानं?
"पायानं."
मी 'पादचारी'वर खूण केली.
किती मिनिटं लागली?
त्यांनी आत सुनेला तेलुगूत काहीतरी विचारलं,
मग म्हणाल्या, "साठ विड्या."
म्हणजे?
"तेवढ्या वेळात साठ होतात गं.
बसची वाट बघत थांबलं की शंभर जातात.
मग चालतेच की."

रकाना मिनिटांचा होता. मी पस्तीस लिहिलं.

शेजारच्या घरात रेहाना नदाफ.
काल कुठेच नाही. परवाही नाही.
"जायचं तर होतं. सिव्हिलला, डोळे दाखवायला.
जाताना मिळते गाडी, येताना दिवस बुडतो,
रिक्षावाला दोनशे म्हणतो.
डोळे काय, पुढच्या महिन्यात."
एकूण फेऱ्या: शून्य.

कोपऱ्यावरची श्रावणी म्याकल.
विजापूर रोडच्या कॉलेजात नंबर लागला होता,
दोन बस बदलून जायचं, दुसरीचा भरवसा नाही.
आता गल्लीतच शिवणक्लास.
शून्य.

तिचे आजोबा खाटेवरून ओरडले,
"गिरणीचा भोंगा झाला की
अख्खा रस्ता सायकलींचा व्हायचा!
तेव्हा आला नाहीत मोजायला?"

महापालिकेत भिंतभर नकाशा लागला.
जिथून फेऱ्या जास्त तिथं रेघ जाड,
रेघ जाड तिथं बस, तिथंच उड्डाणपूल.
होटगी रोड मनगटाएवढा. सात रस्त्याला तर गाठच.
घरकुलाची रेघ
सुपातल्या दोऱ्यासारखी.
हत्तुरे साहेब म्हणाले, "तिकडून मागणीच नाही."

मी विचारलं, जी फेरी झालीच नाही
ती कुठल्या रकान्यात लिहू?

साहेब वाईट माणूस नाहीत.
पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
"न झालेलं मोजता येत नाही, येमूल मॅडम.
मॉडेल घेत नाही."
मग चष्मा पुसून रेघेकडे पुन्हा बघितलं.
रेघ तेवढीच.

दुसऱ्या दिवसापासून मी कागद उलटून लिहू लागले.
डोळे.
कॉलेज.
बहिणीचं बाळंतपण, अक्कलकोट रोडला, बाळ आता चालतं.
रात्री नऊला सुटणारी एमआयडीसीतली शिफ्ट, सोडली.
गड्ड्यातला मोठा पाळणा, पोरानं दोन वर्षं मागितलेला.
एका बाईनं सांगितलं, "मला कुठंच जायचं नाही,"
आणि मी पान बंद केल्यावर म्हणाली,
"तळ्याकाठी बसायचंय जरा. हे लिहितात का?"
लिहिलं.
पुढच्या बाजूला वीस-पंचवीस घरांची एक गल्ली,
मागच्या बाजूला
शहर मावेना.

तीनशे बारा फॉर्म जमा केले.
क्लार्कनं गठ्ठा ठोकून सरळ केला, मशीनला लावला.
पिवळे कागद सरसर गेले,
पोट खाली घालून.
"पाठीमागं काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.
"पाठ स्कॅन होत नाही."
चेकची तारीख पुढच्या सोमवारची.

अशोक चौकात साडेसात वाजले होते.
थांब्यावर छप्पर नाही, पाटी आहे,
पाटीवर कुणाच्यातरी वाढदिवसाचा फोटो.
एक म्हातारा, हातात शेंगा चटणीची पुडी,
रस्त्याच्या टोकाकडे मान ताणून उभा.
"का बाय, येलाली का बस?"
माहीत नाही म्हटलं.
आणि पेन हातात होतंच, सवयीनं विचारलं,
कुठं जायचंय, आजोबा?

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग परत रस्त्याकडे.
"आली तर सांगतो," म्हणाला.